पहिलं पिस्तूल निवडताना

अमेरिकेत कपड्यांआड लपवून बाळगण्यासाठी पहिलं पिस्तूल घ्यायला गेलेली माणसं अनेकदा दुकानातलं सर्वांत लहान पिस्तूल पसंत करतात. काउंटरवर ते तळहातात मावतं, वजन जाणवत नाही, पँटच्या खिशात घातलं तर दिसतही नाही. त्याचा खरा स्वभाव कळतो तो नेमबाजीच्या सरावाच्या जागी, म्हणजे रेंजवर. पाच-सहा गोळ्या झाडल्या की अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात झिणझिण्या येतात, सात यार्डांवरच्या कागदावर गोळ्या चहूकडे विखुरतात आणि काडतुसांची दुसरी डबी उघडायची इच्छाच उरत नाही. सराव तिथेच थांबतो. सरावाशिवाय अंगावर वागवलेलं पिस्तूल मालकाला आणि त्याच्या आजूबाजूच्यांना धोक्याचं असतं, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

मराठी वाचकापुढे हा विषय मांडायला कारण आहे. न्यू जर्सीत एडिसनच्या परिसरात किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना 2022 पर्यंत हा प्रश्न फारसा पडत नव्हता. आपल्याला इतरांपेक्षा वेगळा, ठोस धोका आहे हे दाखवल्याशिवाय तिथे पिस्तूल बाळगण्याचा परवाना मिळत नसे, आणि ते दाखवणं सामान्य माणसाला जवळजवळ अशक्य होतं. 23 जून 2022 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कमधल्या खटल्यात अशी अट घटनाबाह्य ठरवली आणि तशाच अटी घालणाऱ्या बाकीच्या राज्यांनाही ती सोडावी लागली. टेक्सासने तर त्याआधीच, सप्टेंबर 2021 पासून, पात्र प्रौढांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगायची मुभा दिली होती. 2024 अखेर अशी मुभा देणारी राज्यं 29 झाली. व्हरमाँटने तर परवाना कधी मागितलाच नाही. जे दार अनेकांना बंद होतं ते असं उघडलं. आत गेल्यावर काय निवडायचं, याचा सल्ला मात्र बहुधा दुकानदार किंवा ऑफिसातला हौशी मित्र देतो.

लहान पिस्तूल का त्रास देतं, याचं उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. गोळी जेवढ्या संवेगाने पुढे जाते, तेवढ्याच संवेगाने पिस्तूल मागे येतं. तेच काडतूस निम्म्या वजनाच्या पिस्तुलातून झाडलं, तर पिस्तुलाचा मागे येण्याचा वेग दुप्पट होतो आणि हाताला पचवावी लागणारी ऊर्जाही दुप्पट होते. शिवाय लहान पिस्तुलाची मूठ आखूड असल्याने करंगळी अधांतरी राहते, म्हणजे पकड सैल. नळी आखूड असल्याने मागची खाच आणि पुढची माशी यांच्यातलं अंतर कमी, म्हणजे नेम धरताना झालेली बारीकशी चूक लक्ष्यावर मोठी होऊन दिसते. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीचं ग्लॉक 19 हे मधल्या आकाराचं पिस्तूल, रिकामं असताना सुमारे 600 ग्रॅमचं. रुगर कंपनीचं 2008 मध्ये आलेलं खिशातलं एलसीपी जेमतेम 270 ग्रॅमचं. एलसीपी कमी ताकदीचं काडतूस झाडतं, तरीही नवख्याच्या हाताला तेच जास्त लागतं. मुरलेले नेमबाज असलं पिस्तूल दुसरं किंवा तिसरं म्हणून घेतात, त्याच्या मर्यादा ओळखून. पहिलं म्हणून ते घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच ओघात स्त्रियांना हमखास मिळणाऱ्या एका सल्ल्याबद्दल बोलायला हवं. 'तुमच्यासाठी हे छोटं रिव्हॉल्व्हर बरं, यात काही बिघडत नाही' असं दुकानात सांगितलं जातं. स्मिथ अँड वेसन कंपनीने 1950 मध्ये बाजारात आणलेल्या पाच गोळ्यांच्या लहान रिव्हॉल्व्हरची घडण आजही जवळपास तशीच आहे, आणि त्यात गुण आहेतच. पिस्तुलाच्या वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, असते तशी इथे ओढावी लागत नाही. एखादं काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. कोटाच्या खिशात किंवा अंगाला टेकलेल्या अवस्थेतही ते चालतं. पण त्याचा चाप ओढायला पाच किलोंच्या आसपास जोर लागतो आणि हलक्या धातूच्या रिव्हॉल्व्हरचं स्वतःचं वजन असतं चारशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्या हलक्या वस्तूवर एका बोटाने पाच किलोंचा जोर लावायचा आणि तरी ती तसूभर हलू द्यायची नाही, हे कौशल्य महिनोन्‌महिने घोटल्यावर येतं. ग्लॉकचा चाप त्याच्या साधारण निम्म्या जोरात ओढला जातो. म्हणून लहान रिव्हॉल्व्हर हे नवशिक्यांचं हत्यार मानणं चुकीचं आहे, आणि बाई आहे म्हणून तिच्या हातात ते देणं तर त्याहून चुकीचं.

स्लाइडची अडचण मात्र खरी आहे. पिस्तुलाच्या वरचा भाग मागे ओढून सोडला की मॅगझीनमधलं काडतूस नळीच्या मुळाशी जाऊन बसतं. त्यामागची स्प्रिंग कडक असते, आणि संधिवाताने बोटं आखडलेल्यांना ती ओढणं जड जातं. निम्मा प्रश्न पद्धतीचा असतो. लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण नुसत्या बोटांच्या टोकांनी उघडत नाही, तशीच स्लाइडही चिमटीने ओढली जात नाही. पिस्तूल छातीजवळ धरून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, एका हाताच्या पूर्ण तळव्याने स्लाइड घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने मूठ पुढे ढकलायची, असं केलं की बहुतेकांना ते जमतं. उरलेल्यांसाठी स्मिथ अँड वेसनने 2018 मध्ये शील्ड ईझी नावाचं पिस्तूल आणलं. मुद्दाम हलकी स्प्रिंग आणि त्याला साजेसं .380 हे सौम्य काडतूस, अशी त्याची रचना आहे. आकाराने ते फार लहान नाही, म्हणून धक्काही बेताचा. साठी ओलांडलेल्या, हाताला जोर कमी असलेल्या माणसाने आधी हे हातात घेऊन पाहावं.

काडतुसाच्या ताकदीवरून अमेरिकन माणसं तासन्‌तास वाद घालतात. त्या वादाला एक मोठा इतिहास आहे. 11 एप्रिल 1986 रोजी मायामीत एफबीआयचे अधिकारी आणि दोन बँक लुटारू यांच्यात गोळीबार झाला. एका लुटारूला सुरुवातीलाच 9 मिलिमीटरची गोळी दंडातून छातीत शिरली, पण हृदयापर्यंत पोचायच्या आधी थांबली. त्यानंतरही तो लढत राहिला. दोन अधिकारी ठार झाले, पाच जखमी झाले. या घटनेतून एफबीआयने गोळ्यांच्या चाचण्यांची नवी पद्धत बसवली: मांसासारख्या घनतेच्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान 12 इंच शिरावी, पण 18 इंचांपलीकडे जाऊ नये. कमी शिरली तर हल्लेखोर थांबत नाही, जास्त शिरली तर पलीकडच्या निरपराधाला लागते. आधी एफबीआयने 10 मिलिमीटरचं दणकट काडतूस घेतलं. ते अनेक अधिकाऱ्यांना आवरेना. 1990 मध्ये त्याचीच आखूड आवृत्ती म्हणावी असं .40 काडतूस आलं आणि देशभरातल्या पोलिसांनी ते उचललं. मधल्या काळात गोळ्यांची घडण सुधारत गेली. टोकाला पोकळी असलेली, शरीरात शिरताच फुलून वेग गमावणारी नवी 9 मिलिमीटरची गोळी चाचण्यांत जड काडतुसांच्या बरोबरीने उतरू लागली. धक्का कमी, मॅगझीनमध्ये गोळ्या जास्त आणि अधिकाऱ्यांचा नेम सरस, ही कारणं देऊन दशकभरापूर्वी एफबीआय पुन्हा 9 मिलिमीटरकडे वळली.

तीस वर्षांच्या या वळणातून नवशिक्याने घ्यायचं ते असं: गोळी कुठे लागते याला सर्वाधिक महत्त्व आहे, आणि ती हवी तिथे लावण्याची शक्यता 9 मिलिमीटरमध्ये बहुतेकांना सर्वाधिक असते. ज्यांना तेही झेपत नाही त्यांनी .380 घ्यावं, कमीपणा मानू नये. सरावाची काडतुसं साधी चालतात. बाळगायची पोकळ टोकाची घ्यावीत, आणि त्यांच्या दोन-चार डब्या आधी रेंजवर झाडून आपल्या पिस्तुलात ती अडकत नाहीत याची खात्री करावी. न्यू जर्सीत मात्र अशा पोकळ टोकाच्या गोळ्या बाळगण्यावर कडक निर्बंध आहेत. तिथल्या रहिवाशांनी आधी तिथला नियम वाचावा.

आकाराचा पेच गेल्या काही वर्षांत बराच सुटला आहे. पूर्वी पातळ पिस्तूल हवं तर सहा-सात गोळ्यांवर समाधान मानावं लागे. जानेवारी 2018 मध्ये सिग सावर कंपनीने पी365 आणलं. साधारण इंचभर जाडी, पाचशे ग्रॅमच्या आसपास वजन आणि मॅगझीनमध्ये दहा गोळ्या. खाली रुंद आणि वर तोंडाशी निमुळती होणारी मॅगझीन, ही त्यातली करामत. मग स्प्रिंगफील्डचं हेलकॅट, स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस अशी रांग लागली. थोडी लांब मूठ असलेल्या त्यांच्या आवृत्त्याही मिळतात, आणि पहिल्या खरेदीला मला त्याच सर्वांत समंजस वाटतात. सैल शर्टाखाली त्या लपतात आणि चारही बोटांना जागा मिळते. हाताचा पंजा मोठा असेल आणि अंगकाठी भरलेली असेल तर ग्लॉक 19 च्या आकाराचं पिस्तूलही लपतं. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी या राज्यांत दहापेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझीन चालत नाही, आणि कॅलिफोर्नियात तर दुकानात कोणती पिस्तुलं विकायची याची सरकारी यादीच आहे. त्यामुळे टेक्सासमधल्या चुलतभावाने घेतलेलं पिस्तूल सॅन होजेत मिळेलच असं नाही.

नावांच्या मागे फार लागू नये. बऱ्याच रेंजवर वेगवेगळी पिस्तुलं भाड्याने मिळतात. तीन-चार निवडून प्रत्येकातून पन्नासएक गोळ्या झाडाव्यात आणि कागदाकडे पाहावं. तर्जनीचं पहिलं पेर मनगट न वळवता चापावर नीट टेकतं का, मॅगझीन काढायचं बटण पकड न सोडता दाबता येतं का, पन्नासाव्या गोळीला हात पहिल्याइतकाच स्थिर आहे का, एवढं पाहिलं तरी निम्मे पर्याय आपोआप गळतात. आणि पैसे राखून ठेवावेत. होल्स्टर, जाड पट्टा, कुलपाची पेटी, काडतुसं आणि प्रशिक्षकाची फी यांचा खर्च पहिल्याच वर्षात पिस्तुलाच्या किमतीला गाठतो किंवा मागे टाकतो.

होल्स्टरला मी पिस्तुलाइतकंच महत्त्व देईन. 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉक 17 ला बाहेरून दाबायचा सुरक्षा-खटका नव्हता. चापातच एक छोटी पट्टी असते. ती दाबली गेली तरच चाप मागे जातो. तेच आज अनेक पिस्तुलांत दिसतं. खाली पडून ती उडू नयेत यासाठी आत वेगळे अडसर असतात, पण यंत्र ते यंत्रच. सिग सावरच्या पी320 बद्दल पडल्यावर गोळी सुटल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा 2017 मध्ये कंपनीने विकलेली पिस्तुलं मोफत सुधारून द्यायची योजना काढली होती. आणि आतले अडसर कितीही चोख असले तरी चापात अडकलेल्या शर्टाच्या टोकाला किंवा जॅकेटच्या नाडीला ते ओळखत नाहीत. म्हणून चाप पूर्ण झाकणारं, कडक प्लास्टिकचं, पिस्तूल काढल्यावरही तोंड न मिटणारं होल्स्टर हवं. पिस्तूल परत होल्स्टरमध्ये ठेवताना कधीही घाई करू नये. बोट बाहेर, नजर होल्स्टरवर, कपडा बाजूला, आणि सावकाश. स्वतःच्याच मांडीत गोळी मारून घेण्याचे अपघात याच क्षणी घडतात.

पर्समध्ये पिस्तूल ठेवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. डिसेंबर 2014 मध्ये आयडाहो राज्यातल्या हेडन गावी एका दुकानात एक तरुण आई खरेदी करत होती. तिच्याकडे परवाना होता, पिस्तूल ठेवायला वेगळा चेनचा कप्पा असलेली पर्स होती. ट्रॉलीत बसलेल्या तिच्या दोन वर्षांच्या मुलाने तो कप्पा उघडला आणि त्याच्या हातून सुटलेल्या गोळीने ती जागीच गेली. पिस्तूल अंगावर असावं, नाहीतर कुलपात. तिसरी जागा नाही.

आता कायद्याचा भाग, आणि तो मराठी कुटुंबांच्या अगदी जवळचा आहे. एच-1बी, एच-4, एफ-1 अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच मनाई केली आहे. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे थोडेच अपवाद आहेत. मनाई खरेदीपुरती नाही, ताब्याची आहे. म्हणून मित्राचं पिस्तूल रेंजवर चालवून पाहण्याआधीही वकिलाला विचारावं. ग्रीन कार्डधारकाला संघराज्य कायद्याने खरेदी करता येते. पण बंदुकीसंबंधी गुन्ह्यात दोषी ठरलं तर देशाबाहेर काढलं जाण्याची वेळ येऊ शकते, हे त्याने विसरू नये. दुकानात भरायच्या 4473 क्रमांकाच्या अर्जात खोटी माहिती देणं गुन्हा आहे, आणि व्हिसामुळे ज्याला घेता येत नाही अशा नातेवाइकासाठी आपल्या नावावर पिस्तूल घेणं हाही.

राज्याची सीमा ओलांडली की नियम बदलतात. 2013 मध्ये पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेल्या एका महिलेला न्यू जर्सीत वाहतूक पोलिसांनी थांबवलं. पिस्तूल असल्याचं तिने स्वतःहून सांगितलं आणि तिथेच तिला अटक झाली, कारण न्यू जर्सी तो परवाना मानत नाही. तिला तुरुंगवासाची शिक्षा होण्याची वेळ आली होती. शेवटी 2015 मध्ये गव्हर्नरने माफी दिली. फिलाडेल्फियाहून एडिसनला गणपतीला जाणाऱ्या मराठी माणसाच्या वाटेवर हीच सीमा आहे.

नकळत कायदा मोडला जाण्याचा हाच प्रकार विमानतळांवर वेगळ्या रूपात घडतो. 2023 मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातातल्या सामानात 6,737 बंदुका सापडल्या आणि त्यांतल्या दहापैकी नऊहून अधिक भरलेल्या होत्या. अनेकांनी सांगितलं, बॅगेत असल्याचं विसरलो. रेंजला नेलेली बॅग भारतात येताना वापरली आणि तिच्या कोपऱ्यात एक काडतूस राहिलं, तर मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. बाळगण्याची जाणीव नव्हती या मुद्द्यावर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केले आहेत, पण तिथवर पोचेतो पोलीस ठाणं, जामीन आणि रद्द झालेली परतीची तिकिटं हे सगळं सोसावं लागतं. रेंजसाठी वेगळी बॅग ठेवावी आणि तिला प्रवासाची चव कधीच दाखवू नये.

इथवर पिस्तूल घ्यायचंच हे धरून चाललो. ते घ्यावं की नाही, हा प्रश्न मात्र या सगळ्याच्या आधीचा आहे, आणि त्याचं उत्तर घरात बसूनच शोधावं लागतं. 2023 मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे 46,700 मृत्यू झाले; त्यांतले सुमारे 27,300 आत्महत्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासून 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट होतं; स्त्रियांमध्ये सुमारे पस्तीसपट. बाहेरच्या हल्लेखोराच्या भीतीने आणलेली वस्तू घरातल्याच कुणाच्या तरी वाईट रात्री हाताशी येते, असा याचा अर्थ आहे. आपल्या घरांत नैराश्याबद्दल मोकळेपणाने बोललं जात नाही. मुलाचे मार्क, गेलेली नोकरी, व्हिसाची टांगती तलवार, मोडत आलेला संसार, यांपैकी काही घरात चालू असेल तर त्या काळात पिस्तूल आणू नये, हा माझा ठाम आग्रह आहे. आधीपासून असेल तर कायदा पाहून ते काही काळ घराबाहेर, विश्वासाच्या जागी ठेवावं.

बाकी सगळ्यांनीही अंगावर नसलेलं पिस्तूल बोटांच्या ठशाने किंवा अंकांच्या कुलपाने उघडणाऱ्या पोलादी पेटीत ठेवावं, पेटी भिंतीला किंवा पलंगाला जखडावी आणि अंक मुलांना माहीत नसावेत. कपाटाच्या वरच्या फळीवर मुलांचा हात पोचत नाही, यावर कुणीही विसंबू नये. महिन्यातून निदान एकदा रेंजवर जायला वेळ काढता येणार नसेल, तर परवाना मिळत असला तरी पिस्तूल घेऊ नका. आणि घरात किंवा मित्रपरिवारात कुणी खचलेलं दिसलं, तर त्याच्याशी बोला. अमेरिकेत 988 या क्रमांकावर फोन किंवा मेसेज करून दिवसरात्र मदत मिळते.